ढगांचा हिशोब जमत नाही म्हणजे नेमकं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात पृथ्वी किती तापणार यावर एक छोटी बातमी होती आणि तिच्या शेवटी एकच ओळ होती, की ढगांमुळे हे अंदाज अनिश्चित आहेत. बस, तेवढंच. ती ओळ आमच्या नाक्यावरच्या टपरीवर दोन दिवस गाजली. एकजण म्हणाला, "ज्यांका ढगांचो हिशोब जमना नाय ते शंभर वर्सांची गरमी काय सांगतले?" सगळे हसले, मी पण हसलो, पण घरी आल्यावर ते डोक्यातून जाईना म्हणून हे पत्र.

आमची देवगड तालुक्यात हापूसची बाग आहे त्यामुळे ढग म्हटलं की पोटात गोळा येतो. मोहोर फुटलेला असताना मळभ आलं की तुडतुडा आणि करपा आलाच समजायचं, एक फवारणी वाढली. पण मी सांगतोय ते वेगळंच. पडवीच्या बाहेर मी एक थर्मामीटर टांगलाय, रात्रीत पारा कुठवर उतरला ते दाखवणारा. जानेवारीत आभाळ मोकळं असलं की पहाटे १६ पर्यंत येतो आणि ढग असले की २१ च्या खाली यायचं नाव नाही, वरून कोणी गोधडी टाकावी तसं. आणि मे महिन्यात तसंच आभाळ भर दुपारी आलं की खळ्यात वाळत घातलेली आमसुलं संध्याकाळपर्यंत ओलीच, कारण ऊनच खाली पोचत नाही. म्हणजे ढग रात्री पांघरूण आणि दिवसा छत्री. सगळी भानगड इथेच आहे.

त्यात पुन्हा ढगाढगात फरक. समुद्रावर खाली पसरलेले जाड पांढरे ढग ऊन परत पाठवतात, ते गारवा देतात. खूप उंचावरचे पिंजलेल्या कापसासारखे पातळ ढग ऊन जवळजवळ सगळं खाली येऊ देतात पण जमिनीची वर जाणारी उष्णता धरून ठेवतात. जगभरातले सगळे ढग धरले तर बेरीज गारव्याच्या बाजूला जाते, दर चौरस मीटरमागे साधारण २० वॅट. आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर त्याची वाढीव उष्णता चार वॅटच्या आसपास. आता बघा, वीसातले एक-दोन वॅट इकडेतिकडे झाले तरी चारच्या हिशोबात केवढा फरक पडतो. म्हणून शास्त्रज्ञ ढगांपाशी अडखळतात.

दुसरी अडचण मॉडेलच्या, म्हणजे हवामानाचं गणित मांडणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामच्या, चौकोनांची. कॉम्प्युटरमध्ये पृथ्वीचे चौकोन पाडतात आणि बऱ्याच मॉडेलमध्ये एक चौकोन शंभरेक किलोमीटरचा असतो. देवगड बंदरापासून घाटमाथा सरळ रेषेत पन्नास-पंचावन्न किलोमीटर, म्हणजे आमचा समुद्र, कातळाचा सडा, बाग, घाट आणि वरचं पार कोल्हापूरपर्यंत सगळं एकाच चौकोनात येऊ शकतं आणि सगळ्याला मिळून एकच सरासरी! आंबोलीला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि पलीकडे गडहिंग्लजला त्याच्या चौथाईसुद्धा नाही, ते त्यात कुठे दिसणार? ढग तर त्याहून बारीक, एखादा किलोमीटरभरसुद्धा नसतो. मग चौकोनात एवढी वाफ, एवढं तापमान असेल तर एवढे ढग धरायचे असे ठोकताळे बसवतात आणि प्रत्येक मॉडेलवाल्याचा ठोकताळा थोडा वेगळा.

याचा परिणाम किती ते आकड्यात सांगतो. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी शेवटी किती तापेल, याचं उत्तर १९७९ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या चार्नी समितीने दीड ते साडेचार अंश असं दिलं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या समितीच्या २०१३ च्या अहवालातही तेच, दीड ते साडेचार. एवढ्या वर्षांत कॉम्प्युटर कुठल्या कुठे गेले, पण हा आकडा फारसा हलला नाही. २०२१ मध्ये कुठे तो अडीच ते चार झाला, मधला अंदाज तीन. त्याच सुमाराला काही नवी मॉडेल पाच अंशांच्याही वर गेली होती. त्याचं एक मोठं कारण दक्षिण महासागरावरचे ढग, ज्यात पाणी शून्याच्या बरंच खाली जाऊनही गोठत नाही. जुन्या मॉडेलमध्ये तिथे बर्फ जास्त धरला होता, तो वितळला की ढग जास्त चकचकीत होऊन गारवा देणार असा हिशोब. नव्यांनी बर्फ कमी केला तर तो गारवाही गेला. पण आयपीसीसीने हे आकडे डोळे मिटून घेतले नाहीत, प्रत्यक्ष मोजलेल्या तापमानाशी ताडून पाहिले आणि अती तापट मॉडेलचं वजन कमी केलं.

आता टपरीवरचा मुद्दा. अडीच ते चार यात शून्य कुठे आहे? वाशीच्या मार्केटला मे महिन्यात आंब्याच्या पेटीचा दर उतरणार हे आमच्यातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, किती उतरणार ते दलालालाही सांगता येत नाही, म्हणून दर उतरणारच नाही असं धरून कोणी आंबा झाडावर ठेवतो का? आणि अनिश्चित म्हटलं की लोक कमीच निघेल असं का समजतात कळत नाही, चुकलं तर जास्त पण निघू शकतं. उलट २०२१ च्या अहवालात ठामपणे म्हटलंय की ढगांमध्ये होणारे बदल एकूण तापमानवाढीत भरच घालणार. समुद्रावरचे खालचे ढग कमी होत जातात, उंच ढग आणखी वर सरकतात. छत्री फाटते आणि पांघरूण आणखी उबदार होतं.

माझी विनंती एवढीच की पुढच्या वेळी नुसतं 'तीन अंश' किंवा नुसतं 'अनिश्चित' छापू नका. कुठल्या काळाच्या तुलनेत, कमीत कमी किती, जास्तीत जास्त किती, हे दोन ओळीत छापा. बातमीदाराला लांब पाठवायला नको, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने हवामान बदलाचं स्वतःचं मॉडेल केलंय आणि महाबळेश्वरला त्यांची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे, तिथे पावसाळ्यात ढग खिडकीतून आत येतात, तिथल्या माणसांना विचारून लिहा. बातमी आली की कात्रण मी टपरीवर चिकटवतो, चहावाल्याला सांगून ठेवलंय.

आपला,
एक आंबा बागायतदार, ता. देवगड