अर्ज घ्या, पोच द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी टपाल खात्यातून निवृत्त झालेला पोस्टमन. सोलापुरातला साखर पेठ, अशोक चौक हा पूर्व भाग अनेक वर्षे माझ्या बीटमध्ये होता. कोणत्या घरात कोण म्हातारे माणूस एकटे राहते, कोणाच्या दारात चाकाची खुर्ची असते, हे मला अजून पाठ आहे. निवृत्तीनंतर यातलीच माणसे कागदांची पिशवी घेऊन माझ्याकडे येतात आणि मी त्यांचे अर्ज भरून देतो. घरपट्टी, घरकुल, निराधार अनुदान, श्रावणबाळ, जे असेल ते. या कामात जे दिसले ते लिहिल्यावाचून राहवत नाही.

आमच्या गल्लीत एक आजी आहेत. सगळे त्यांना अव्वा म्हणतात. वय ७४, उभा जन्म विड्या वळण्यात गेला. पत्र्याच्या दोन खोल्या, पावसाळ्यात चार ठिकाणी भांडी ठेवावी लागतात. मुलगा चाळिशीचा, पोलिओमुळे दोन्ही पायांनी अधू. मुलगा रांगत रांगत उंबरा ओलांडतो, म्हणून पक्के घर व्हावे आणि उंबऱ्याच्या जागी उतार करून घ्यावा, एवढीच अव्वांची इच्छा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी २.० टप्प्यात स्वतःच्या जागेवर घर बांधायला आपल्या राज्यात केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख रुपये मिळतात. वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत हवे. ज्येष्ठ, विधवा आणि दिव्यांग यांना प्राधान्य द्यावे असे योजनेतच लिहिले आहे. अव्वांच्या घरात ही तिन्ही कारणे आहेत.

आम्ही एका कार्यालयात चार वेळा गेलो. कोणत्या, ते लिहीत नाही, कारण तिथल्या एका माणसावर राग काढून काही सुटणार नाही. पहिल्या खेपेला सांगितले, दिव्यांगत्वाचा हा जुना दाखला चालणार नाही. मग सिव्हिलला जाऊन तपासणी, दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी), त्यात काही महिने गेले. दुसऱ्या खेपेला सर्व्हर बंद. तिसऱ्या खेपेला अव्वांचा अंगठाच उमटेना. ज्या बोटांनी पन्नासहून अधिक वर्षे तेंदूपत्ता वळला, त्यांवर रेषा राहतील कुठून? यंत्रावर पुन्हा पुन्हा अंगठा दाबून अव्वा नुसत्या बघत होत्या, आपलेच काही चुकते आहे असे वाटून. अंगठा उमटत नसेल तर बुबुळ, चेहरा किंवा मोबाइलवरचा ओटीपी हे मार्ग आहेत, आणि अंगठ्यापायी लाभ अडवू नये असे आधार प्राधिकरणानेच कळवलेले आहे. खिडकीवर मात्र उत्तर एकच, "आजी, पुढच्या आठवड्यात या."

चौथ्या खेपेला कळले की घर अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. मुलगा तेव्हा खाली जिन्याच्या पायरीवर बसून होता. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

चार खेपांत आमच्या हातात एकही कागद आला नाही, हेच मला सगळ्यात गंभीर वाटते. प्रत्येक वेळी तोंडी परत पाठवले. अर्ज घेतलाच नाही, म्हणून तो फेटाळल्याचीही नोंद नाही. उद्या कोणी विचारले की सोलापुरात किती वृद्धांना परत पाठवले, तर दप्तरात शून्य निघेल. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा सांगतो की अधिसूचित, म्हणजे यादीत जाहीर केलेल्या, सेवेसाठी अर्ज आला की पोच द्यायची, मुदतीत काम करायचे, नाकारायचे तर कारण लेखी द्यायचे. त्यावर पहिले अपील, दुसरे अपील, शेवटी लोकसेवा हक्क आयोग. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. उत्पन्नाचा दाखला या कायद्याखाली येतो आणि वारसाहक्काने मालमत्तेवर नाव लावणेही येते. पण पोच हातात नसेल तर मुदत मोजायची कोणत्या दिवसापासून? कायदा कितीही चांगला असला तरी तो अव्वांपर्यंत पोचत नाही, कारण खिडकीवरच्या त्या एका वाक्याने त्याचा पहिला दिवसच उगवत नाही.

सासऱ्यांच्या नावाची गोष्ट अव्वांच्या एकटीच्या घरची नाही. जुन्या पेठांत वाटणी झाली ती मधे भिंत घालून, कागदावर नाही. घरपट्टीचे बिल आजोबांच्या नावाने येते, चुलत्यांच्यात कोणी भरते, कोणी भरत नाही, आणि थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढत राहते. म्हणजे वर्षाला २४ टक्के. इतके व्याज बँक कर्जावरही घेत नाही. पेन्शन नसलेल्या म्हातारीला ही शास्ती कळते तेव्हा मूळ रक्कम मागे पडलेली असते. वृद्ध आणि दिव्यांग ज्या घरात स्वतः राहतात त्या घरांच्या शास्तीचा विचार महापालिकेने वेगळा करावा, ही माझी विनंती आहे. मुंबईत १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर माफ झाला, तेव्हा निकष घराचे क्षेत्रफळ होता आणि तो पालिकेच्या नोंदवहीत होताच. उलट पुण्यात, स्वतः राहत असलेल्या घराची ४० टक्के सवलत परत मिळवायला लोकांना अर्ज आणि पुरावे द्यावे लागले आणि त्यासाठी मुदत वाढवावी लागली. जे सरकारच्या नोंदीत आहे ते सरकारनेच बघावे. दिव्यांगत्वाची नोंद वैश्विक ओळखपत्रात आहे, वय आधारमध्ये आहे.

आणि अर्ज घ्यायला घरी जाणे प्रशासनाला जमत नाही असे कोणी म्हणू नये. २०२४ च्या लोकसभेला ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरी बसून मत देण्याची सोय होती. कर्मचारी मतपेटी घेऊन त्यांच्या दारात गेले. निवृत्तांचा हयातीचा दाखलाही पोस्टमन घरी जाऊन मोबाइलवर काढून देतो. हे काम माझ्या खात्यातल्या माणसांनी केले आहे, म्हणून ठामपणे सांगतो की ते होते. आठवड्यातून एक दिवस, एक कर्मचारी, एक टॅब, आणि जागेवर पोच. सुरुवात विडी कामगारांच्या वस्त्यांपासून करावी.

तोवर वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी माणसे आहेत त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. वारसनोंद आजच सुरू करावी, योजना जाहीर झाल्यावर धावाधाव करून ती होत नाही. आणि खिडकीवर अर्ज घेत नसतील तर तो आवक विभागात द्यावा किंवा स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवावी. घरकुल वाटपात दिव्यांगांना २०१६ च्या कायद्याने ५ टक्के आरक्षण आहे, वीस घरांमागे एक घर. त्याचाही उल्लेख अर्जात करावा.

अव्वांचा वारसनोंदीचा अर्ज मी काल स्पीड पोस्टाने धाडला. पावती त्यांनी देवघरात ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन, सोलापूर