फ्लॅटवर गणपती बसवताय म्हणालीस, त्यावरून

चि. कृपास,
सप्रेम सलाम.

परवाचं बोलणं अर्धवटच राहिलं. आरतीला उभी राहू का आणि प्रसाद खाऊ का, एवढंच तू विचारलंस. आईने फोन ओढून घेऊन बायबलातलं ‘विजोड जू’ काढलं, म्हणजे विश्वास न ठेवणाऱ्यांशी जोडी नको, आणि तू मीटिंग आहे म्हणून फोन ठेवलास. रात्री नऊला मीटिंग! असो.

मला प्रसादाची तेवढी काळजी नाही. तू बोलता बोलता म्हणालीस, “पप्पा, आपण ख्रिस्ती आहोत हे फ्लॅटवरच्या मुलींना अजून माहीतच नाही.” तेव्हापासून तेच डोक्यात आहे. नाव कृपा, आडनाव शिंदे, कपाळाकडे हल्ली कोणी बघत नाही. रविवारी सकाळी कुठे जातेस म्हणून सांगतेस मग? जातेस ना?

बरं, ते राहू दे. प्रसादाचं बायबलात प्रेषित पौलाने करिंथकरांना पहिल्या पत्रात लिहून ठेवलंय. दहावा अध्याय पुन्हा वाच. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं तर जे वाढेल ते चौकशी न करता खा. पण हे मूर्तीला दाखवलेलं आहे असं कोणी सांगितलं, तर त्या सांगणाऱ्याखातर खाऊ नका. अन्नात काही नसतं, दुसऱ्याला अडखळण व्हायला नको. आईला मी पाचवा अध्यायही दाखवला. मूर्तिपूजकांची संगतच नको म्हटलं तर जगातूनच निघून जावं लागेल, असं पौलच म्हणतो. ती म्हणाली, “तुम्हाला हवं तेच सापडतं.”

समोरच्या काकू आठवतात ना? त्यांच्याकडे नैवेद्याआधी कोणाला कण मिळत नसे. म्हणून आपल्या मोदकांचा घाणा त्या वेगळा काढायच्या. स्टीलचा डबा, त्यावर ओला रुमाल, आणि दारातूनच हाक, “कृपे, हे देवापुढचं नाही गं, आजीला सांग.” आजी नाताळच्या करंज्या त्यांच्यासाठी नव्या कढईत तळायची, कारण आपल्या कढईत काय काय व्हायचं ते काकूंना ठाऊक होतं. आजी कधी त्यांच्या आरतीला गेली नाही. काकू चर्चमध्ये आल्या त्या एकदाच. आजीच्या वेळी ह्यूम मेमोरियलच्या मागच्या बाकावर डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या आणि आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त रडत होत्या.

हे जमलं, कारण दोघींना एकमेकींचं माहीत होतं. तू सांगितलंच नाहीस, तर त्या मुलींनी तुझ्यासाठी वेगळा घाणा काढायचा तरी कसा?

आपले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांनी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर मोडलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला १९००मध्ये. मधल्या वर्षांत दोघांनी काय सोसलं! गुपचूप विश्वास ठेवला असता तर हे सगळं टळलं असतं. पण त्यांनी लपवलं नाही, आणि अभंगही टाकला नाही. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. आपण टाळ-पेटीवर म्हणतो त्या भजनांत कितीतरी त्यांची आहेत. झालं, प्रवचन सुरू झालं माझं. माफ कर.

आरतीचं मला विचारशील, तर खोलीचं दार लावून बसू नकोस. मखर सजवायला हात लाव, पाहुण्यांना चहा-पाणी दे, जेवणाच्या खर्चात वाटा घाल. आरतीला हात जोडायचे नाहीत, एवढंच. आईच्या मते तिथे उभंही राहू नये. मी तिला बायबलातल्या नामान सेनापतीचं सांगितलं, राजा हातावर टेकला की त्याला रिम्मोन दैवताच्या देवळात वाकावं लागायचं आणि अलीशा संदेष्टा त्याला रागावला नाही. त्यावर ती गप्प आहे, पण पटलेलं नाही. आणि सांगायचं म्हणजे पत्रकं वाटायची नाहीत हं. मैत्री मैत्रीच राहू दे.

भीती मलाही वाटते. घरमालकाच्या कानावर गेलं तर? हल्ली पेपर वाचला की आई आधी तुझाच नंबर लावते. मी सांग सांग म्हणतोय आणि रात्री मलाच वाटतं, नको सांगू, अजून थोडे दिवस जाऊ देत. पण ते थोडे दिवस संपत नाहीत, बाळा.

मागच्या पावसाळ्यात त्यातल्या एकीला डेंगी झाला तेव्हा तू रात्रभर दवाखान्यात बसलीस, हे तू आम्हाला सांगितलं नव्हतंस. तिच्या आईने फोन करून सांगितलं. तुमच्या मुलीवर चांगले संस्कार आहेत म्हणाल्या. ते कुठून आलेत हे त्यांना माहीत नाही, एवढंच मला लागलं.

दिवाळीला दोघींना घेऊन ये. एक वशाट खात नाही म्हणालीस ना, आईने तिच्यासाठी वेगळी कढई आतापासूनच काढून ठेवलीय. बस स्टँडवर घ्यायला मी येईन. त्याआधी सांगून टाक मात्र, कारण आपल्या दारावरच बायबलचं वचन लावलेलं आहे.

तुझे,
पप्पा