मेलेली जेलीफिशही डंख मारते, मंत्रिमहोदय

मा. किनारपट्टी व मत्स्यव्यवसाय मंत्री यांस,
सादर नमस्कार.

गेल्या सुट्टीत समुद्रावर सहा-सात वर्षांची एक मुलगी वाळूतला निळसर फुगा काठीने उलटवत होती. शेजारी उभ्या जीवरक्षकाने हसून सांगितलं, "मेलीय ती, काही करत नाही." मुलीने काठी टाकली आणि हात लावला. मनगटावर मण्यांची माळ दाबून धरावी तसे लाल वळ उठले. त्या भल्या माणसाने घाईघाईने बाटलीतलं पिण्याचं पाणी त्यावर ओतलं, तशी ती आणखीच कळवळली. मागे आपल्या खात्याचा फलक उभा होता: ‘जेलीफिशपासून सावधान’. एवढंच.

दोष मी जीवरक्षकाला देत नाही. त्याला कुणी सांगितलंच नाही की, ही जनावरं मेल्यावरही डंख मारतात. त्यांच्या शुंडकांवर, म्हणजे लोंबत्या दोऱ्यांसारख्या अवयवांवर, हजारो दंशपेशी असतात. प्रत्येकीत एक कुपी, कुपीत गुंडाळून ठेवलेली पोकळ नळी आणि आत हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे दीडशे पट दाब. बाहेरच्या बारीक केसाला धक्का लागला, कातडीतल्या रसायनांची चाहूल लागली की नळी उलटी होऊन सुटते. जेलीफिशच्याच नात्यातल्या हायड्रा या गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या जीवात याला लागणारा वेळ मोजला गेला आहे: 700 नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी. मेंदूचा हुकूम लागत नाही. मेंदू मुळात नाहीच. चाप प्रत्येक पेशीचा स्वतंत्र, म्हणून तुटलेलं शुंडकंही डसतं. त्यावर गोडं पाणी पडलं की उरलेल्या कुप्याही फुटू शकतात.

शिवाय तो निळा फुगा जेलीफिश नव्हताच. ते ‘पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर’, म्हणजे अनेक लहान जीवांची एकसंध वसाहत. हा फरक पोथीतला वाटेल, पण उपचार त्यावर ठरतो. बॉक्स जेलीफिशच्या डंखावर व्हिनेगर ओततात, न सुटलेल्या कुप्या त्याने थंडावतात. मॅन-ऑफ-वॉरला तोच नियम सरसकट लावता येत नाही; तिथे सोसवेल इतक्या, साधारण 45 अंशांच्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटं बुडवून ठेवणं जास्त उपयोगी ठरलं आहे. डंखावर लघवी करण्याचा ऐकीव उपाय मात्र कुठेच नको. आणि श्वास लागला किंवा चक्कर आली, तर थेट दवाखाना. मॅन-ऑफ-वॉरच्याच विषावर 1901 मध्ये बोटीवर प्रयोग सुरू करून पोर्तिए आणि रिशे हे फ्रेंच शास्त्रज्ञ ॲनाफिलॅक्सिसपर्यंत, म्हणजे जीवघेण्या तीव्र ॲलर्जीच्या शोधापर्यंत, पोहोचले. रिशे यांना त्यासाठी 1913 चं नोबेल मिळालं.

तेव्हा पहिली मागणी फलकाची. ‘सावधान’च्या खाली एवढं लिहा: मेलेलीला हात लावू नका, चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा, शुंडकं चिमट्याने काढा. आणि तिथे सापडणाऱ्या प्राण्याचं चित्र व त्याचा उपचार.

दुसरी गोष्ट थोडक्यात. जेलीफिशचे थवे आले की आपण जाळी घेऊन बोटी पाठवता. जाळीत शुंडकं तुटतात आणि तुकडे पोहणाऱ्यांच्या अंगावर येतात. थवा उगवतो तो वेगळ्याच ठिकाणी. बहुतेक जेलीफिशचं बालपण काही मिलिमीटरच्या पॉलिपच्या रूपात, कठीण पृष्ठभागाला चिकटून जातं. वेळ आली की पॉलिपला थाळ्यांच्या चळतीसारख्या खाचा पडतात आणि एकेक थाळी सुटून पोहायला लागते. बोटी लागतात त्या तरंगत्या धक्क्याची सावलीतली, खालची बाजू पॉलिपना फार सोयीची. दर नव्या धक्क्यागणिक आपण त्यांना पाळणाघर बांधून देतो.

त्यातून तो धक्का प्रवाळावर उभा राहणार असेल, तर काय बोलावं! प्रस्तावांच्या नकाशात प्रवाळाला ‘खडकाळ तळ’ म्हटलेलं मी पाहिलं आहे. अठराव्या शतकात पेसोनेल या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने प्रवाळ हा प्राणी असल्याचं सांगितलं तेव्हा विद्वानांनी मानलं नव्हतं. आपल्या नकाशांनी अजून मानलेलं नाही. प्रवाळही दंशपेशीवालाच, जेलीफिशचं भावंड. एकाचं घर मोडून दुसऱ्याला जागा देण्याचा हा व्यवहार निदान डोळे उघडे ठेवून व्हावा. परवानगीआधी तळाची पाहणी जीवशास्त्रज्ञाकडून करून घ्या आणि जुन्या धक्क्यांचे खालचे भाग वर्षातून एकदा तपासा.

मोठी ओहोटी असेल तो दिवस कळवा. मी येईन, भिंगही आणेन.

आपला नम्र,
समुद्रजीवशास्त्राचा एक शिक्षक