आमच्या विशेष शिक्षिका मॅडमना, मनापासून

मॅडम,

तुमची बदली झाल्याचं कळलं तेव्हाच फोन करणार होते पण फोनवर मला बोलायला जमलं नसतं, म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय कारण समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतल्या, दिव्यांग मुलांसाठीच्या विशेष शिक्षिका गावोगाव फिरून नक्की काय करतात हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं.

लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या बिघाडामुळं हालचालींवर नीट ताबा राहत नाही, म्हटल्यावर घरात येणारं प्रत्येक माणूस तिच्याकडं बघून चुकचुकायचं. तुम्ही पहिल्यांदा आलात आणि सरळ तिलाच नाव विचारलंत. तिला एक शब्द काढायला किती वेळ लागतो, मी मध्येच सांगायला गेले तर तुम्ही हातानंच मला थांबवलंत आणि ती बोलेपर्यंत बसून राहिलात. मग चमचा मागितलात. दांड्याला सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून जाड केलात, पाठीला उशी लावून तिला ताठ बसवलंत, हनुवटी जराशी खाली, घास समोरून द्यायचा, वरनं नाही. हळूहळू तिचा ठसका कमी झाला आणि आता वरणभात ती स्वतःच्या हातानं खाते, निम्मा सांडते पण खाते!

त्याच वर्षी मी महिला राखीव जागेवर ग्रामपंचायतीत निवडून आले. निम्म्या जागा बायकांच्या, त्यामुळं उभं राहायला सगळे आग्रह करत होते, पण निवडून आल्यावर तेच लोक म्हणायला लागले पोरगी अशी आणि ही मिटिंगा करत फिरते. आईनं घरी बसावं असं बोलणारे खूप भेटले. तुम्ही एकट्या म्हणालात, ताई तुम्ही सभेत आहात ते बरंच आहे, हे वाचा. आणि पिशवीतनं 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याची झेरॉक्स काढलीत, पेन्सिलनं खुणा केलेली. सहा ते अठरा वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षण, कलम 31. ते कलम मी अर्जात जसंच्या तसं लिहिलं, तेव्हा कुठं "हिची जबाबदारी कोण घेणार" हे शाळेतलं बोलणं थांबलं. यूडीआयडी कार्ड म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, निरामय या सरकारी योजनेचा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा, हे सगळं पण तुमच्यामुळंच झालं, नाहीतर आम्हाला कोण सांगणार होतं.

पण खरे आभार मला 26 जानेवारीच्या ग्रामसभेचे मानायचेत. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात हे तुम्हीच मला सांगितलं होतं, आणि ते मार्चअखेरीला घाईघाईनं वाटून टाकायचे नसतात हेही. शाळेचा रॅम्प होता पण असा उभा की तिची चाकाची खुर्ची दोघांनी धरून चढवावी लागायची, चाक सुटलं तर पोर खाली. तुम्ही टेप लावून मापं घेतलीत, ओटा दीड फूट उंच, एका फुटाला बारा फूट उतार पाहिजे म्हणजे रॅम्प अठरा फूट लांब, तो सुद्धा कठड्यासकट. कागदावर चित्र काढून दिलंत. आदल्या महिला सभेत आम्ही तो विषय घेतला, गावातल्या अजून दोन आया पुढं आल्या ज्या आपल्या मुलांना घेऊन कधी कुठं बाहेर पडल्या नव्हत्या. आणि ग्रामसभेच्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर तुम्ही घरी जायचं सोडून, सुट्टी असून, माझ्या लेकीला शेजारी घेऊन सभा संपेपर्यंत बसलात म्हणून मी उभी राहून बोलू शकले. आकडा कुणी विचारला तर माझ्याकडं होता, माप विचारलं तर माझ्याकडं होतं. ठराव झाला, रॅम्प झाला. आता ती वर्गात जाते तेव्हा वर्गातल्याच पोरी खुर्ची ढकलतात, कोण ढकलणार यावर त्यांची भांडणं होतात.

हे सगळं करताना तुम्ही स्वतः कंत्राटी होतात, मानधन लांबायचं, पावसात स्कूटीवर एवढ्या लांबच्या वाड्यांवर यायचात. तुमच्या तोंडून मी कधी त्याबद्दल ऐकलं नाही, बाकीच्या शिक्षिकांकडनं कळलं. मला त्याचं फार वाईट वाटतं, आणि राग पण येतो. सर्वोच्च न्यायालयानं 2021 सालीच सांगितलंय की पाचवीपर्यंत दहा विशेष मुलांमागं एक विशेष शिक्षक पाहिजे आणि सहावी ते आठवीला पंधरामागं एक. एका बाईनं किती गावं करायची मग?

म्हणून आम्ही तिघी आयांनी मिळून येत्या ग्रामसभेला ठराव मांडायचं ठरवलंय, आमच्या केंद्राला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाला, कायमची विशेष शिक्षिका द्या आणि तुमच्या जागी माणूस येईपर्यंत मुलांच्या घरभेटी बंद पडू देऊ नका. झाला की प्रत पंचायत समितीला आणि जिल्हा परिषदेला देणार, पोच घेऊनच येणार, हेही तुम्हीच शिकवलंत.

मसुदा आज रात्री व्हॉट्सअ‍ॅपला टाकते. नवीन ठिकाणी गडबड असेल, सावकाश बघा, पण काही राहिलं असेल तर नक्की कळवा. लेक विचारतेय मॅडम कधी येणार, तिला मी दिवाळीच्या सुट्टीत आपणच जाऊ म्हणून सांगितलंय, तेव्हा पत्ता पण पाठवा.

तुमची,
लेकीची आई