माथ्यावरची वई

प्रिय सुऱ्या,

उत्तर दिलं नाही म्हणून शिव्या घालायच्यात त्या भेटल्यावर घाल. पाठ आहे तशीच. आज लिहितोय कारण शेताच्या माथ्यावरच्या वईतल्या (झुडपांच्या कुंपणातल्या) काटेरी हेकळीला फूट आलीय, आणि घरी सांगितलं तर नुसतं “बरं” म्हणतील.

पण तिच्या शेजारची करवंदीची रोपं गेली, सलग तीस मीटर. सगळे म्हणतात पाणी कमी पडलं. पाणी नव्हे रे, वारा! बुडाशी वाकून बघितलं तर खोडाभोवती मातीत बोटभर फट, नरसाळ्यासारखी. रोप डोलतं, साल घासून निघते, कोवळी मुळं तुटतात आणि त्याच फटीतून ओल उडून जाते. आबांना कंबरेएवढी रोपं हवी होती, तशीच आली. वर पसारा, खाली पिशवीत गोल गोल फिरलेली मुळं. उघड्या मुरमावर वीत-दीड वीत उंचीचंच रोप तग धरतं.

तेव्हा गेलेल्या जागी भरणी करायची ती लहान रोपांची. दोन ओळी, ओळीत नि रोपात 45 सेंटिमीटर, समोरासमोर न येता तिरकी. दीडशे रोपं धर, त्यात थोडी मरही आली. पिशवी फाडून तळाची वेटोळी मुळं कापायची, टाचेनं माती घट्ट दाबायची. खड्ड्यात शेणखत भरू नये, मुळं तिथेच रमतात, मुरमात शिरत नाहीत. आच्छादन चार बोटं जाड, पण खोडाला न टेकता थोडं लांब, नाहीतर वाळवीला आयतं घर. बाहेरून बाभळीच्या काट्यांची वई हवीच, शेळीला लहान-मोठं रोप सारखंच.

तुझा शेर (ते चिकाचं झुडूप) मात्र आणू नकोस. ते भांडण झालंय. चीक डोळ्यात गेला की काय होतं ते तुला माहीत आहे, शिवाय तो मुळचा आफ्रिकेचा. निर्गुडी दे, फांदी खोचली की लागते आणि गुरं तोंड लावत नाहीत.

खरी धास्ती छाटणीची. दोन-तीन दमदार पाऊस झाले की जगलेली सगळी झाडं जमिनीपासून वीतभर ठेवून कापायची. नाही कापली तर शेंडा पळतो, बूड उघडं राहतं आणि वारा पुन्हा तेच करतो. आबांना माझ्या हातात कोयता दिसला की ते ओट्यावरून उठतात! पुढेही बूड रुंद, माथा निमुळता ठेवायचा, म्हणजे खालच्या फांद्यांना उजेड मिळतो. आणि भिंतीसारखी दाट करायची नाही हं (तुझा जुना हट्ट). गच्च वईवरून वारा उडी मारून पलीकडच्या पिकावर आपटतो. अर्धा झिरपला तर मंदावतो. दोन मीटरच्या वईचा आडोसा साधारण वीस मीटरपर्यंत पोचतो.

वईत लावायला सागरगोटेही (त्या काटेरी वेलाच्या टणक बिया) भिजवायला घेतलेत. कवच दगडावर घासायचं, आतला फिकट भाग दिसेपर्यंत, मग 24 तास पाण्यात. फुगला तो पेरायचा, न फुगलेला पुन्हा घासायचा. पोरांना खेळायला द्यावेत इतके कंटाळवाणे.

वहिनींचा गुडघा कसा आहे? धाकट्याचं कुठे जमलं का? कळव.

आणि तुझ्याकडची करवंदं पिकली की फळंच पाठव, बी काढून वाळवू नकोस. वाळलेलं बी उगवत नाही. गर इथे धुऊन त्याच दिवशी पेरीन.

तुझा,
दिग्या