तारीख देण्याआधी

पुणे

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

नोकरी सोडून भोसरीत स्वतःचं वर्कशॉप टाकायचं पक्कं केलंस, वाचून फार आनंद झाला. मशीन कुठलं घ्यावं, कर्ज किती काढावं, हे सांगणारे पुष्कळ भेटतील. मला एवढंच सांगायचंय, की पार्टीला, म्हणजे गिऱ्हाईक कंपनीला, मालाची तारीख देताना घाई करू नकोस.

नव्या माणसाला ऑर्डर हातची जाईल अशी धास्ती असते. पार्टी विचारते, "सोमवारी मिळेल?" आणि हा मशीनवर काय लागलंय ते न बघताच "मिळेल" म्हणून मोकळा होतो. तू आधी हिशेब कर. मटेरियल कधी येणार, सेटिंगला किती वेळ, पहिला पीस पास व्हायला किती, पार्टवर मुलामा चढवून देणाऱ्या प्लेटिंगवाल्याकडे रांग केवढी. शिवाय इथे एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी असते, तो दिवस आधीच वजा धर. मग बुधवार निघाला तर बुधवारच सांग. सुरुवातीला एखादी ऑर्डर जाईल. जाऊ दे. चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांत पार्टचा साठा फार ठेवत नाहीत. तुझा टेम्पो पोचला नाही तर त्यांची लाइन थांबते, आणि परचेसवाला ते वर्षानुवर्षं विसरत नाही.

माझा एक हीट ट्रीटमेंटवाला आहे, पार्ट भट्टीत तापवून कडक करून देणारा. भट्ट्या जुन्या, ऑफिस म्हणजे एक टेबल, दरही इतरांपेक्षा थोडा जास्तच. मागच्या पावसाळ्यात सकाळीच त्याचा फोन आला, "साहेब, भट्टीचं तापमान मोजणारा थर्मोकपल गेलाय. तुमची बॅच आज निघत नाही. उद्या चारला गाडी पाठवा." माल त्याच संध्याकाळी द्यायचा होता, म्हणजे गळ्याशीच आलं. पण दिवस हातात होता. पार्टीला लगेच कळवलं, त्यांनी त्या दिवशीचा प्लॅन फिरवून दुसरा पार्ट लाइनवर घेतला. दुसऱ्या दिवशी चारला गाडी गेली, तेव्हा क्रेट भरून दाराशी होते आणि वर हार्डनेसचा रिपोर्ट. तेव्हापासून मी दुसरीकडे दर विचारायचं सोडून दिलं. बिघाड कुणाकडेही होतो रे, पण आपणहून फोन करणारे फार थोडे. बाकीचे फोनच उचलत नाहीत, नाहीतर माल भट्टीत असताना "गाडी निघालीय" म्हणतात.

पैशाच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. वरच्याने आपले अडवले म्हणून आपण खालच्याचे अडवायचे, हा रिवाज मला अजिबात पटत नाही. तू उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, लगेच करून घे. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे करारात काहीही लिहिलं असलं तरी सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, लेखी करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. २०२३-२४ पासून आयकराचाही चाप आहे: वेळेत न दिलेली रक्कम पार्टीला त्या वर्षी खर्चात दाखवता येत नाही, देईल त्या वर्षीच दाखवायची. एवढं असूनही पुढची ऑर्डर जाईल म्हणून बहुतेक जण गप्प बसतात. मग आपल्याकडे बर, म्हणजे पार्टच्या कडेला राहिलेली धातूची कुसळं, काढायला बसणाऱ्या बायका, टेम्पोवाला, यांनी कुणाकडे जायचं? त्यांना दहा तारीख सांगितलीस तर दहालाच दे. टेम्पोचा हप्ता त्या पैशांवर भरायचा असतो. पूर्ण जमत नसेल तर नऊलाच सांग, निम्मे उद्या, निम्मे पंधराला. आणि पंधराला त्यांच्यावर फोन करायची वेळ आणू नकोस.

जागा बघायला येशील तेव्हा बुधवारी सकाळीच पोच. दुपारी तुला त्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे नेतो, गुरुवारी मला सुट्टी आहे तेव्हा गाळे बघू. पहिलं कोटेशन द्यायच्या आधी त्याच्याशी बोलून घे. त्याच्याकडे किती दिवस लागतात ते तो खरं सांगेल. दरात मात्र घासाघीस करू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
भोसरीकर मित्र