प्रशिक्षण वस्तीवरच हवे

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील सिद्दी या आफ्रिकी वंशाच्या जमातीतील तरुणांच्या कौशल्य प्रशिक्षणावरील आपला लेख वाचला. त्यांना बेळगावच्या वसतिगृहात ठेवूनच प्रशिक्षण द्यावे, हा त्यातला आग्रह मात्र पटला नाही. १९८०च्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलामुलींना बाहेर नेऊन खेळाडू घडवले. काहींनी पदके जिंकली, नोकऱ्याही मिळाल्या. पण पुढे योजना गुंडाळली गेली तेव्हा अनेकांना पुन्हा मजुरीच गाठावी लागली. गावात मागे उभे राहणारे काही नव्हतेच. याउलट जुन्या कपड्यांची कवंदी, म्हणजे गोधडी, शिवणे बायका घरातच शिकल्या, आज तिला शहरांत गिऱ्हाईक आहे. २०२०च्या कायद्याने बेळगाव जिल्ह्यातील सिद्दींनाही अनुसूचित जमातीचा दर्जा दिला. त्या दर्जामुळे मिळणाऱ्या निधीतून प्रशिक्षण वस्तीवरच द्यावे आणि उमेदवार जमातीच्या बैठकीत निवडावेत, कंत्राटदार संस्थेने नव्हे.

– एक वाचक, खानापूर